कुडा लावला की वाळतो, वाळला नाही तर फुलत नाही: काय काय तपासायचं

गेल्या महिन्यात तिघींनी मला एकच प्रश्न विचारला. एक नणंद, एक शाळेतली जुनी सहकारी आणि एक आमच्याच गल्लीतल्या वैनी. "पांढरा कुडा लावलाय, पानं पिवळी पडून गळाली, काय करू?" तिघींनाही मी उलट विचारलं, पाणी किती घालताय? तिघींचं उत्तर एकच: "रोज. आता तर दोन वेळा घालतोय, वाळायला लागलाय म्हणून."

असलाच उद्योग करून मी स्वतः पहिलं झाड मारलंय. पुढची दोन कशी गेली तेही खाली येईलच. तेव्हा हे पुस्तकी ज्ञान नाही, आमच्या कोल्हापुरातल्या कळंब्याकडच्या प्लॉटवर सात-आठ वर्षांत खाल्लेल्या टक्क्याटोणप्यांचा हिशेब आहे.

माझं माहेर राधानगरी तालुक्यातलं. तिकडं कुडा कुणी लावत नाही, तो असतोच. बांधाला, घळीत, फोंड्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. वळीव पडून गेला की पांढऱ्या फुलांचे गुच्छ निघतात आणि संध्याकाळी खिडकी उघडी असली तर वास आत येतो. मंद वास, मोगऱ्यासारखा घर डोक्यावर घेणारा नाही. संस्कृतात त्याला गिरिमल्लिका म्हणतात, म्हणजे डोंगरातला मोगरा. नाव अगदी चपखल आहे. आणि आव पडली की कुड्याची साल ताकात उगाळून द्यायची, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. सासरी शहरात आले तेव्हा वाटलं, एक झाड दारात असावं. एवढ्याशा हौसेसाठी इतकं रामायण होईल असं वाटलं नव्हतं.

पानं गळाली: आधी नख लावा, मग पाण्याला हात लावा

कुडा पानगळीचा आहे. थंडी सरता सरता, पौष-माघात, त्याची पानं पिवळी पडतात आणि बघता बघता झाड निष्पर्ण होतं. चैत्राच्या आगेमागे नवी पालवी येते. दाजीपूरच्या रस्त्यावर फेब्रुवारीत जाऊन बघा, निम्मी झाडी अशीच काटक्या होऊन उभी असते आणि तिथं कुणी बादली घेऊन धावत नाही. पण तेच झाड अंगणात जास्वंद आणि तगरीच्या शेजारी उभं असलं की शेजारच्या हिरवाईपुढं ते मेल्यासारखं दिसतं. बाकीची बारमाही हिरवी, हे एकटंच उघडं. मग आपला जीव कळवळतो आणि आपण पाणी वाढवतो.

झाडाला पान नाही म्हणजे ते पाणी जवळजवळ ओढत नाही. घातलेलं पाणी मुळाशी तसंच बसतं. आमच्याकडची काळी, पूर्वीची उसाची जमीन, ती तर पाणी धरून ठेवते नुसती. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. चैत्रात पालवी फुटायची वेळ येते तेव्हा खाली मूळच उरलेलं नसतं. आपण म्हणतो, "बघा, वाळतंय म्हणून इतकं पाणी घातलं तरी गेलं."

2018 च्या मार्चमध्ये मी ते पहिलं झाड उपटलं तेव्हा ते हिसकावं लागलंच नाही, हातात अलगद आलं. बोटभर जाडीचं मूळ चिमटीत धरून ओढलं तर उकडलेल्या शेंगेचं टरफल निसटावं तशी वरची साल सुटून हातात आली आणि आत करड्या रंगाची दोरी राहिली. नाकाशी धरलं तर गटारीचा वास. वाळून मेलेल्या झाडाचं मूळ कडक असतं, काडकन मोडतं. हे बुळबुळीत होतं. म्हणजे झाड तहानेनं गेलं नव्हतं, बुडून गेलं होतं.

म्हणून पान गळालं की पहिलं काम: खोडाच्या खालच्या अंगाला नखानं किंचित खरवडा. वरचा तपकिरी पापुद्रा निघाला की आत हिरवा ओला पदर दिसला पाहिजे, आणि पांढऱ्या चिकाचा बारीकसा थेंब आला पाहिजे. दोन्ही असेल तर झाड झोपलंय, त्याला झोपू द्या. शेंड्याला तपकिरी लागलं तर थोडं खाली येऊन परत खरवडा. शेंडे वाळलेले आणि बुंधा हिरवा असं पुष्कळदा असतं. जमिनीलगतसुद्धा तपकिरी आणि कोरडं लागलं तरच झाड गेलं समजा. तरी लगेच उपटू नका, का ते शेवटी सांगते.

दुसरं काम: खराट्याची जाड काडी किंवा एखादी सळई बुंध्यापासून वीतभर अंतरावर बोटभर नाही, चांगली वीतभर खोल खुपसा. काडीला चिखल चिकटून आला तर पंधरा दिवस पाण्याचं नाव नको. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला एका शब्दात सांगता येतं: वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर झाल्याशिवाय, पाणी द्यायचं नाही. पानगळीच्या दिवसांत जमिनीत लावलेल्या झाडाला मी आता तीन आठवड्यांतून एकदा तांब्या-दोन तांबे देते. कुंडीतलं असेल तर आठवड्यातून एकदा. झाड दोन-तीन वर्षांचं झालं की तेही लागत नाही.

पावसाळ्यात गेलं: खड्ड्याची बादली झालीय का बघा

दुसऱ्या झाडाच्या वेळी मी शहाणी झाले होते. म्हटलं, काळी माती नको, कुड्याला डोंगरातली तांबडी माती लागते. पन्हाळ्याच्या बाजूनं येणाऱ्या एका टेंपोवाल्याकडून तीन पोती तांबडी माती घेतली. दोन फूट खोल, दोन फूट रुंद खड्डा घेतला, काळी माती काढून टाकली आणि तांबडी भरली. रोप मस्त लागलं. वर्षभर छान होतं. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गेलं.

त्या वर्षीचा पाऊस कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पण आमच्या प्लॉटवर पूर आला नव्हता हे लक्षात घ्या. पंचगंगा आमच्यापासून लांब. दारात गुडघाभर काय, पाऊलभरही पाणी साचलं नव्हतं. मग झाड बुडालं कशात?

आपण खणलेल्या खड्ड्यात. काळ्या चिकट मातीत खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली की आजूबाजूच्या जमिनीत न मुरणारं सगळं पाणी त्या भुसभुशीत जागेकडं धाव घेतं. खाली आणि बाजूला काळ्या मातीच्या भिंती, त्यातून ते बाहेर जात नाही. म्हणजे जमिनीत पुरलेली बादलीच. वरून बघितलं तर माती जरा ओलसर दिसते इतकंच, आणि फूटभर खाली मुळं आठ-आठ दिवस पाण्यात. तुमच्याकडं असं होतंय का हे तपासायला सोपं आहे. जोराचा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी झाडापासून हातभर अंतरावर पहारीनं फूट-दीड फूट भोक पाडा आणि तासाभरानं बॅटरी मारून आत बघा. पाणी चकाकलं तर बादली.

गंमत बघा, याच कुड्याला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस सोसतो. आपल्या शहरात त्याच्या पाव हिश्श्यानंही तो मरतो. तिकडं उतार आहे, खाली जांभा आहे, पाणी आलं तसं निघून जातं. प्रश्न पाऊस किती पडतो याचा नाहीच, तो थांबतो किती याचा आहे.

उपाय खड्डा आणखी मोठा करणं नव्हे. उलट वर या. काळ्या जमिनीत मी आता खड्डा वीतभरच घेते आणि वर साधारण फूटभर उंचीचा, तीन फूट रुंद उंचवटा करते. तीन घमेली तांबडी माती, एक घमेलं बारीक मुरूम, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिसळून. रोप त्या उंचवट्यावर. पावसाळ्याआधी एका बाजूनं बारकी चर काढून गटारीकडं उतार द्यायचा. आमच्या आत्ती पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "हे काय, झाडाची समाधी बांधलीस?" पण तिसरं झाड त्याच समाधीवर जगलं.

पण तो कुडा आहे ना?

खरं तर हा प्रश्न पहिला यायला हवा. नणंदेच्या घरी जाऊन बघितलं तर तिचा कुडा म्हणजे साधी तगर होती. फुलं येत होती, रोज देवाला वाहत होती, आणि "याची साल केव्हा काढायची" म्हणून मला विचारत होती! रोपवाटिकेवाल्यानं "कुडाच आहे ताई" म्हणून दिलेलं. त्याला तरी दोष कसा देणार, नावंच सगळी गुंत्याची.

तांबडा-पांढरा म्हटलं की कोल्हापुरात रश्शाच्या वाट्या डोळ्यासमोर येतात. कुड्यातही तांबडा आहे, पांढरा आहे, वर काळा आहे आणि नागलकुडा वेगळाच. औषधाचा तो पांढरा कुडा. शास्त्रीय नाव होलार्‍हेना प्युबेसेन्स. जुनं नाव अँटिडिसेंटेरिका, त्या नावातच आवेवरचा म्हणून लिहून ठेवलंय. काळा आणि तांबडा हे दोघे राइटिया या दुसऱ्या वंशातले. नागलकुडा तगरीचा सख्खा. आणि ही सगळी मंडळी कण्हेरीच्या कुळातली, ज्याला मराठीत करवीर कुल म्हणतात. म्हणजे करवीरनगरीत राहून करवीर कुळातलं झाड ओळखता येईना, अशी आपली तऱ्हा.

चीक बघून ओळखू नका. पान तोडलं की पांढरा चीक या सगळ्यांनाच येतो. फुलाच्या आत बघा. पांढऱ्या कुड्याच्या फुलात पाच पाकळ्या आणि मधोमध बारीकसं भोक, त्यात काही दिसत नाही, पुंकेसर खाली नळीत दडलेले असतात. काळ्या कुड्याच्या फुलात मध्येच पांढऱ्या दोऱ्यांची झालर असते आणि त्यातून टोकदार सुळका वर आलेला. एकदा दोन फुलं शेजारी ठेवून बघितलीत की जन्मात विसरणार नाही. नागलकुडा आणि तगर यांच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या.

फुलं नसतील तर शेंगा. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनं लोंबतात, पेन्सिलीपेक्षा बारीक, वीत-दीड वीत लांब, आणि दोन्हींची टोकं सुटी. काळ्या कुड्याच्या दोन शेंगांची टोकं पिकेपर्यंत एकमेकींना जुळलेली असतात, हात जोडल्यासारखी. तांबड्याच्या दोन्ही शेंगा तर अख्ख्या एकमेकींना चिकटून एकच जाड शेंग वाटते. नागलकुड्याला शेंग नाहीच, होडीसारखी आखूड नारिंगी फळं येतात, दोन-दोन. पान वाळवूनही कळतं थोडंफार: काळ्या कुड्याचं पान वाळताना काळं-निळं पडतं, त्यापासून पूर्वी निळीसारखा रंग काढत. लॅटिन नावातला टिंक्टोरिया हा शब्द रंगावरूनच आलाय.

रोप लहान असेल, फुलं-शेंगा काहीच नसेल तर ओळखायच्या भानगडीत पडण्यापेक्षा मूळ झाड बघूनच रोप किंवा बी आणा. मी तिसऱ्या वेळी तेच केलं. संक्रांतीला माहेरी गेले होते, बांधावरच्या झाडाच्या शेंगा पिकून तडकायला आल्या होत्या. त्या फडक्यात बांधून आणल्या. आत एकेका बीला तपकिरी केसांचा झुपका, वाऱ्यावर उडायला. हेच इंद्रजव. पांढऱ्या कुड्याचे ते कडू इंद्रजव, काळ्याचे गोड. जिभेला बी लावलं तरी जात कळते. 2020 चा उन्हाळा आला, सगळं बंद, एसटी बंद, माहेरहून रोप आणायची सोय नाही, तेव्हा बरणीतलं तेच बी रात्रभर भिजवून पिशव्यांत टाकलं. जूनमध्ये वीतभर रोपं झाली होती.

जगलं, वाढलं, पण फूल नाही

आता हे तिसरं झाड. 2022 गेलं, 2023 गेलं, उंची माझ्या डोक्याच्या वर, पानं तळहातापेक्षा मोठी, आणि फुलाचा पत्ता नाही. बियांपासूनचं झाड पहिली तीन-चार वर्षं फुलत नाही म्हणून पहिलं वर्ष सोडून दिलं. पण 2023 च्या वैशाखात माहेरी याच वयाचं, कुणी न लावलेलं झाड भरून फुललेलं बघितलं आणि डोक्यात किडा वळवळला.

गुन्हेगार आमच्या घरातच होता. गुढीपाडव्याच्या आधी मामा, म्हणजे माझे सासरे, कुंपणाची सगळी झाडं कात्रीनं एका पातळीत कापून घेतात. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पाडव्याला दार कसं नीटनेटकं पाहिजे. कुडाही मेंदीबरोबर त्याच कात्रीत जायचा. आणि कुड्याचा फुलोरा येतो फांदीच्या टोकाला, नव्या पालवीबरोबर. चैत्राच्या तोंडावर टोकं उडवली की त्या सालची फुलं गेली. झाड बिचारं पुन्हा पालवी काढतं, आपण म्हणतो जोमात आहे.

2024 ला मी फांद्यांना लाल दोरा बांधून ठेवला, की याला कात्री लावायची नाही. मे महिन्याच्या शेवटी पहिला गुच्छ आला. छाटायचंच असेल तर फुलं संपल्यावर, श्रावण-भाद्रपदात छाटा. आणि ऊन बघा. भिंतीच्या आड किंवा आंब्याच्या सावलीत कुडा जगतो, पण फुलायला त्याला निम्मा दिवस तरी ऊन लागतं. खत म्हणाल तर मला वाटतं आपण फार लाड करतो. वर्षाला एक घमेलं शेणखत पुरे. युरिया घातलात तर पानंच पानं येतील.

अळ्यांबद्दल विचारतात. येतात, चिकाच्या झाडांवर येणाऱ्या अळ्या ठरलेल्याच असतात, त्यातून पुढं फुलपाखरं आणि पतंग होतात. सकाळी हातानं वेचा नाहीतर खाऊ द्या. दोन-चार फांद्या पानाशिवाय दिसल्या म्हणून झाड मरत नाही. फवारणी तर नकोच, उद्या त्याचीच साल औषधाला लागणार आहे.

हिरवंगार असताना एकाएकी वाळलं: साल कुणी काढली?

हा सगळ्यात फसवा प्रकार, आणि माझं फुललेलं झाड यातच गेलं.

2024 च्या श्रावणात गल्लीत पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की होतंच. मामांना परोपकाराची भारी हौस. दारात कुडा आहे, आव पडलीय म्हणून कुणी विचारलं, की हे कोयता घेऊन बाहेर. एकानं मागितली, दुसऱ्यानं मागितली. मी चार दिवसांनी बघितलं तेव्हा बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर सभोवार साल काढलेली होती, चांगली वीतभर रुंदीची पट्टी, पैलवानाच्या लंगोटासारखी. आतलं पांढरं लाकूड उघडं. मी बोलले तर म्हणाले, "अगं, पान बघ की कसं टवटवीत आहे. सालीनं कुठं झाड मरतं काय?"

आणि पान खरंच टवटवीत होतं. दिवाळीपर्यंत होतं. माघात नेहमीसारखी पानगळ झाली. चैत्रात वरच्या फांद्यांवर पालवी आली ती नखाएवढी, आणि वैशाखात तीही करपली. तोवर मामा काय, मीसुद्धा सालीची गोष्ट विसरले होते. पाणी कमी पडलं की काय, असाच पहिला विचार आला. नऊ महिन्यांचं अंतर पडलं की कारण आणि परिणाम यांची गाठ कुणी घालत नाही, म्हणून हा प्रकार परत परत होतो.

होतं असं, की मुळांतून पाणी वर चढतं ते लाकडातून. साल काढली तरी तो रस्ता चालू राहतो, म्हणून पानं हिरवी दिसतात. पण पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडं जातं ते सालीच्या आतल्या ओल्या पदरातून. सभोवार साल काढली की तो रस्ताच तुटला. मुळं साठवलेल्यावर काही महिने काढतात, मग उपाशी मरतात, आणि मुळं मेली की वरचं झाड. एका बाजूची साल काढली तर झाड सहज भरून काढतं. वेढा पूर्ण झाला की संपलं.

तुमचं झाड असं सोललेलं असेल आणि एका बाजूला दोन-तीन बोटं रुंद जरी साल अखंड राहिली असेल तर घाबरू नका. जखमेला बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, मग एकत्र करून साधारण लिटरभर पाण्यात. प्लॅस्टिकच्या बादलीत करा, लोखंडी भांड्यात नको. वेढा पूर्ण असेल तर वरचं झाड वाचवायच्या नादी लागू नका. वेढ्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर सोडून, करवतीनं तिरका काप घ्या आणि कापावर तीच पेस्ट लावा. मुळांत जीव आहे तोवर जितक्या लवकर कापाल तितकं बरं. कुड्याचा एक मोठा गुण म्हणजे तो बुंध्यातून आणि मुळांतूनही फुटतो. म्हणूनच वर म्हटलं, झाड गेलं वाटलं तरी एक पावसाळा उपटू नका.

आमचं मी 2025 च्या मेमध्ये कापलं. उशीरच झाला होता. बुंधा गप्प राहिला, पण आषाढात हातभर अंतरावर जमिनीतून कोंब आले. मोजून सात. त्यातले तीन जोमदार ठेवले, बाकीचे काढले. सगळे ठेवले असते तर नुसतं झुडूप झालं असतं, एकही नीट वाढला नसता.

आणि सालीचं म्हणाल तर

साल हवीच असेल तर बुंध्याला हात लावू नका. अंगठ्याएवढी जाड एक फांदी पूर्ण कापा आणि तिची साल सोला. झाडाला ती छाटणीच होते. सावलीत वाळवा, बरणीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहून चिठ्ठी लावा, कारण वाळल्यावर पांढरा आणि काळा कुडा बरणीत पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. रानातून आणायचा विचार करत असाल तर राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतून काडीही आणता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली साल "कडूच लागत नाही" ही तक्रारही नेहमीची. तिथं बहुतेक वेळा काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या नावानं आलेली असते. पांढऱ्याची साल बाहेरून मळकट तपकिरी, सुरकुतलेली, तिच्यावर आडवे बारीक उंचवटे दिसतात. मोडली तर तंतू न निघता कडकन मोडते आणि तुटलेली बाजू रवाळ दिसते. काळ्याची साल त्यामानानं गुळगुळीत आणि लालसर. कणभर जिभेवर ठेवून थुंका: पांढरा कुडा असेल तर चहा पिऊनही कडूपणा जात नाही. हा कडूपणा त्यातल्या कोनेसीनसारख्या अल्कलॉइडांचा, आणि तेच औषधाचं मूळ.

म्हणूनच उगाळून किती द्यायचं हे मी इथं लिहिणार नाही. वैद्याकडं कुड्याचीच कुटजारिष्ट, कुटजघनवटी मिळते, ती विचारून घ्यावी. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर साल उगाळत बसू नका, साखर-मिठाचं पाणी पाजत थेट दवाखाना गाठा. गल्लीतल्या ज्या माणसासाठी मामांनी शेवटची पट्टी काढली, तो त्याच रात्री दवाखान्यात सलाईन लावून होता.

मामांनी ते मनावर घेतलंय. यंदा पाडव्याच्या आधी कात्री घेऊन बाहेर आले, मेंदी कापली, तगर कापली, कुड्याच्या तीन फुटव्यांपाशी येऊन थांबले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"हे कधी म्हणालीस?"

"श्रावणात, मामा. आणि फांदी मी दाखवीन ती."

"बरं," म्हणाले आणि कात्री बंद करून आत गेले.